कॅथोलिक म्हणजे ख्रिश्चनच ना? मग बिशपांची परवानगी कशाला?

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत राहणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या इमारतीतली पाचव्या मजल्यावरची मुलगी कॅथोलिक. नवव्या मजल्यावरचा मुलगा मूळचा नगरकडचा, सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चचा. दोघांचं लग्न ठरलंय. दोघंही ख्रिश्चन, म्हणजे अडचण कसलीच नाही असं ताईंना वाटलं होतं. पण मुलीची आई म्हणाली, "आम्ही कॅथोलिक, ते ख्रिश्चन. बिशपांची परवानगी लागेल." ताई विचारतात की कॅथोलिक लोक ख्रिश्चन नसतात का? धर्म एकच, तर परवानगी कसली? आणि लग्नात प्रसाद वाटतात तो आम्ही घ्यायचा का?

ताई, मी ठाण्यातल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) २८ वर्षं मुलांना धर्मशिक्षण देते आणि बरीच वर्षं लग्न ठरलेल्या जोडप्यांच्या तयारी वर्गातही शिकवते. तुमचे तिन्ही प्रश्न माझ्यासमोर दरवर्षी येतात आणि बहुतेक वेळा ते आमच्याच लोकांकडून येतात.

मुलीच्या आईचं ते वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. वसई-ठाण्याच्या या पट्ट्यात पोर्तुगीज काळापासून कॅथोलिक वस्ती आहे. आमचे पूर्वज स्वतःची ओळख 'कॅथोलिक' अशीच द्यायचे. पुढे इंग्रजांच्या काळात अमेरिकन आणि ब्रिटिश मिशनऱ्यांमुळे जे मराठी लोक येशूकडे आले, ते स्वतःला 'ख्रिस्ती' म्हणू लागले. दोन वस्त्या, दोन शब्द, आणि बोलण्यात ते तसेच रुळले. पण हा बोलीतला प्रघात आहे, त्यावरून धर्म ठरत नाही. प्रत्येक कॅथोलिक हा ख्रिश्चन असतोच. जगात साधारण २४० कोटी ख्रिस्ती आहेत आणि त्यांतले १४० कोटींच्या आसपास कॅथोलिक, म्हणजे निम्म्याहून जास्त. बाकीच्यांत ऑर्थोडॉक्स, प्रॉटेस्टंट, पेन्टेकोस्टल असे अनेक आहेत. 'कॅथोलिक की ख्रिश्चन' हे विचारणं 'वारकरी की हिंदू' असं विचारण्यासारखं आहे.

'कॅथोलिक' या शब्दाचा अर्थही सांगते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सार्वत्रिक, अवघ्यांना धरून असलेलं. अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांनी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या एका पत्रात तो ख्रिस्तसभेसाठी, म्हणजे चर्चसाठी, पहिल्यांदा वापरलेला सापडतो. तेव्हा ना प्रॉटेस्टंट होते, ना ऑर्थोडॉक्स असा वेगळा गट. नवव्या मजल्यावरचं कुटुंब रविवारी उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे आपली श्रद्धा सांगणारी ठरलेली वचनं, म्हणतं, त्यात 'सार्वत्रिक मंडळी' असे शब्द येतात. तो हाच शब्द, फक्त मराठीत. म्हणजे ज्या शब्दावरून आपण त्यांना वेगळं काढतो, तोच ते दर रविवारी उच्चारतात.

दोघांत एक काय आहे, हे मी आधी सांगते, कारण मतभेदांपुढे ते विसरायला होतं. एकच देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. येशू खरा देव आणि खरा माणूस, क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. हे इ. स. ३२५ साली निकियाच्या आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेत शब्दबद्ध झालं आणि कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन सगळे आजही ते मानतात. आणि बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. त्यालाही कॅथोलिक मुलीशी लग्न करायचं होतं. त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून बाप्तिस्म्याचा दाखला काढला. घडीवर फाटलेला, मागून सेलोटेप लावलेली, तीही पिवळी पडलेली. गावच्या चर्चचा शिक्का अर्धा पुसला होता. खाली पाळकांची (पास्टरांची) सही आणि निळ्या शाईतली एक ओळ मात्र स्वच्छ वाचता येत होती: पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने. तो दबकतच म्हणाला, "मॅडम, मला परत बाप्तिस्मा घ्यावा लागेल ना? आजीला फार वाईट वाटेल." मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "ही ओळ आणि पाणी, एवढं पुरे. तुझा बाप्तिस्मा झालेला आहे." त्याचे खांदे खाली आले, तेव्हा मला कळलं की आमच्या गेटमधून आत येताना तो किती ओझं घेऊन आला होता.

ही माझी उदारता नव्हती, तो नियमच आहे. तिसऱ्या शतकात यावर मोठा वाद झाला होता. कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणत होते की फुटून गेलेल्या गटात झालेला बाप्तिस्मा खरा नाही, पुन्हा द्या. रोमचे बिशप स्टीफन म्हणाले, देऊ नका. अखेर टिकलं ते स्टीफन यांचं म्हणणं. पाणी असेल, त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवाचं, नाव घेतलं असेल आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करायचा हेतू असेल, तर देणारा कोणत्याही पंथाचा असो, बाप्तिस्मा एकदाच होतो. जे गट फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात, किंवा यहोवाचे साक्षीदार, जे त्रैक्यच मानत नाहीत, त्यांचा बाप्तिस्मा कॅथोलिक चर्च धरत नाही. उलट बाजूने सांगायचं तर, बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेन्टेकोस्टल मंडळ्या तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मानत नाहीत. कॅथोलिक माणूस तिकडे गेला तर त्याला मोठेपणी पुन्हा पाण्यात उतरवतात. यावरून मी घरं दुभंगलेली पाहिली आहेत. आईला वाटतं, मी बाळाला उचलून वेदीपाशी नेलं होतं, ते काही नव्हतंच का?

मग वाटण्या कशा झाल्या? यासाठी रोमपर्यंत जायची गरज नाही, आपलं ठाणं पुरतं. एप्रिल १३२१ मध्ये चीनकडे निघालेले काही फ्रान्सिस्कन धर्मबंधू इथे येऊन थांबले. त्यांतल्या चौघांचा, तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि त्यांचा दुभाष्या देमेत्रिउस यांचा, इथल्या काझीपुढे झालेल्या धर्मवादानंतर वध झाला. पण मला या कथेत ते उतरले कुठे होते, ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ते ठाण्यातल्या एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरात उतरले होते. पुढे त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेलेल्या ओडोरिक या प्रवाशाने लिहून ठेवलंय की ठाण्यात नेस्टोरियनांची पंधरा घरं होती. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती होते, आणि ते रोमच्या पोपना मानणारे नव्हते.

हे नेस्टोरियन म्हणजे पूर्वेकडच्या, इराण-इराकमधल्या चर्चचे लोक. इ. स. ४३१ च्या एफेससच्या परिषदेत येशूची आई मरिया हिला 'देवाची आई' म्हणायचं की 'ख्रिस्ताची आई' यावरून वाद पेटला आणि हे चर्च वेगळं झालं. ओडोरिक त्यांना पाखंडी म्हणतो, पण थकल्याभागल्या फ्रान्सिस्कनांना भाकर आणि अंथरूण त्यांनीच दिलं. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि त्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: ख्रिस्ताविषयी आपला विश्वास एकच आहे आणि मरियेची दोन्ही नावं योग्य आहेत. ठाण्याच्या त्या घटनेनंतर ६७३ वर्षांनी. वर्गात हे सांगताना आजही माझा आवाज जड होतो.

बाकीच्या फुटी भराभर सांगते. ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेनंतर इजिप्तचे कॉप्ट, आर्मेनियन आणि सिरियन चर्च वेगळी झाली. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांना बहिष्कृत केलं, त्यातून ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स ही ओळख पक्की झाली. तो बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ रोजी दोन्ही बाजूंनी मागे घेतला, एकी मात्र अजून झालेली नाही. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. पैसे घेऊन दंडमाफीची कागदपत्रं वाटणं हा आमच्या चर्चचा दोष होता, हे कॅथोलिक म्हणून मी सरळ कबूल करते. १५३४ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री स्वतःच तिथल्या चर्चचा प्रमुख झाला आणि अँग्लिकन चर्च निघालं. तलावपाळीजवळचं आमचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज परंपरेचं, तर ठाण्यातलंच सेंट जेम्स चर्च इंग्रजांनी बांधलेलं, १८२५ चं अँग्लिकन. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकनांसह सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, झालं. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा, ज्यातून रेव्हरंड ना. वा. टिळक आले, तीही त्यात मिसळली. म्हणजे तुमच्या नवव्या मजल्यावरच्या कुटुंबाचं चर्च फुटीतून नाही, एकत्र येण्यातून जन्मलं. पाचव्या मजल्याला हे जरूर सांगा.

पेन्टेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या देणग्यांवर भर देणाऱ्या मंडळ्यांची सुरुवात लोक १९०६ मधल्या लॉस एंजेलिसच्या प्रार्थनासभांपासून धरतात. पण पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्येच तशी प्रार्थनेची लाट आली होती. मराठी माणसाने हे विसरू नये.

आता खरे फरक. पहिला अधिकाराचा. कॅथोलिक मानतात की येशूने आपला शिष्य पेत्र याला जी जबाबदारी दिली ती रोमच्या बिशपांकडे, म्हणजे पोपकडे, परंपरेने आली, आणि बायबलबरोबर प्रेषितांपासून, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांपासून, चालत आलेली ही जिवंत परंपराही प्रमाण आहे. प्रॉटेस्टंट म्हणतात, अंतिम प्रमाण फक्त शास्त्र. त्यांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं, आमच्यात ७३. जुन्या करारातली तोबीत, मक्काबी यांसारखी सात पुस्तकं आम्ही धरतो, ते धरत नाहीत. माणसाचं तारण विश्वासाने की सत्कृत्यांनी, यावर युरोपात रक्त सांडलं. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथोलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी सही करून मान्य केलं की तारण कृपेनेच मिळतं आणि सत्कृत्यं हे त्याचं फळ. एवढा मोठा वाद मिटत आला, याची आमच्या पॅरिशमध्ये कुणाला फारशी खबर नाही, याचं मला दुःख आहे.

दुसरा फरक डोळ्यांना दिसतो. कॅथोलिक चर्चमध्ये शिरलात की वेदीच्या जवळ एक लहान लाल दिवा शोधा. तो दिवसरात्र तेवतो. त्याच्याजवळच्या छोट्या कपाटात मिस्सात, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, अर्पण केलेला परमप्रसाद ठेवलेला असतो. ती भाकर आता नुसती भाकर नाही, प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे, असा आमचा विश्वास आहे. म्हणून बायका आत येताना त्या दिव्याकडे तोंड करून गुडघा टेकतात. सीएनआयच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करणारा भाकर-द्राक्षरसाचा विधी, होतं, श्रद्धेने होतं, पण ख्रिस्त त्यात कसा उपस्थित असतो याविषयी तिथली शिकवण वेगळी आहे. तिथे नजर जाते ती उघड्या बायबलकडे आणि मोकळ्या क्रुसाकडे. आमच्या क्रुसावर येशूचा देह असतो. कॅथोलिक सात संस्कार, म्हणजे देवाची कृपा देणारे पवित्र विधी, मानतात, बहुतेक प्रॉटेस्टंट दोन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन.

तिसरा मुद्दा मरियेचा आणि तो मराठीत जरा जास्तच अडचणीचा होतो. आपल्याकडे हार घालणं, दिवा लावणं, नमस्कार करणं, सगळ्याला 'पूजा' म्हणतात. त्यामुळे "कॅथोलिक मरियेची पूजा करतात" असं सहज बोललं जातं. आमच्या शिकवणीत आराधना फक्त देवाची. मरियेला मान आणि तिच्याकडे विनंती. जपमाळेतल्या प्रार्थनेत आम्ही तिच्याकडे एवढंच मागतो की आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत किंवा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत मेणबत्ती घेऊन रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीला हा भेद शब्दांत सांगता येणार नाही, पण तिच्या मनात तो असतो. प्रॉटेस्टंट भावंडांना भीती वाटते की आईकडे बघताना लेकराकडे दुर्लक्ष होतं. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही.

ताई, आडनावावरून मात्र अंदाज बांधू नका. श्रीरामपूरकडचे कितीतरी गायकवाड, साळवे, कांबळे कॅथोलिक आहेत, आणि डिसोझा आडनावाचे पेन्टेकोस्टल मला माहीत आहेत. कॅथोलिकही सगळे एका साच्यातले नसतात. पोपना मानणारी एकूण २४ स्वायत्त चर्च आहेत आणि त्यांतली तीन भारतात नांदतात. आमचं लॅटिन, म्हणजे रोमच्या पद्धतीने उपासना करणारं, आणि केरळची सिरो-मलबार व सिरो-मलंकरा. नवी मुंबईतल्या मल्याळी कॅथोलिकांसाठी सिरो-मलबारचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला. त्यांची उपासना वेगळी, नियमावली वेगळी, पोप तेच. शेजारीच राहणारे मल्याळी ऑर्थोडॉक्स किंवा मार थोमा हे मात्र पोपच्या अधिकाराखाली नाहीत. हे सगळे आपली परंपरा प्रेषित थोमापर्यंत नेतात. १६५३ मध्ये पोर्तुगीजांच्या दडपणाविरुद्ध कोचीजवळ क्रुसाला दोर बांधून शपथ घेतली गेली, तिथून त्यांची भाऊबंदकी सुरू झाली.

आता परवानगीचं. कॅथोलिक चर्चच्या कायद्यात याला मिश्र विवाह म्हणतात. मुलाचा बाप्तिस्मा झालेला असेल, तर बिशपांची परवानगी घ्यायची. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न असेल, तर सूट घ्यावी लागते, ती आणखी वरची पायरी. कॅथोलिक बाजूला वचन द्यावं लागतं की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथोलिक म्हणून वाढवायला माझ्या परीने होईल ते करीन. मुलाला या वचनाची फक्त कल्पना द्यायची, त्याच्याकडून लिहून घ्यायचं नाही. १९७० पूर्वी त्यालाही सही करावी लागायची. पोप सहावे पॉल यांनी ती अट काढली. जुन्या काळच्या सासूबाई अजून ती सही मागतात, तेव्हा मला मध्ये पडावं लागतं.

परवानगीचा उद्देश अडवणं हा नाही. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी कोण कुठे जाणार आणि बाळाचा बाप्तिस्मा कुठे होणार, हे दोघांनी हळदीच्या आधी बोलून घ्यावं, नंतर दवाखान्यात बाळ हातात घेऊन भांडू नये, हा आहे. वर्गात मी जोडप्याला हे दोन प्रश्न विचारते आणि गप्प बसते. बरेचदा त्या शांततेतच त्यांना पहिल्यांदा कळतं की आपण यावर कधी बोललोच नाही.

लग्न मुलाच्या चर्चमध्ये करायचं असेल तर त्यासाठीही बिशपांकडून वेगळी सूट मिळू शकते. एकदा फादरसमोर आणि एकदा पाळकांसमोर अशी दोनदा संमती मात्र चालत नाही. कॅथोलिक चर्चमध्ये लग्न लागलं तर पाळक वाचन करू शकतात, आशीर्वाद देऊ शकतात. आणि एक गोष्ट, जी ऐकून नवव्या मजल्यावरच्या आजीला बरं वाटेल. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचं रीतसर लग्न हा कॅथोलिक चर्च संस्कारच मानतं, नवरा सीएनआयचा असला तरी. खुद्द त्यांचं चर्च बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांच्या बरोबरीने लग्नाला संस्कार म्हणत नाही, पण आम्ही त्यांच्या लग्नाला म्हणतो. हे सगळं त्या निळ्या शाईच्या ओळीमुळे.

राहिला तुमचा प्रसाद. अशा लग्नात बहुधा पूर्ण मिस्सा नसतो, वाचन, प्रार्थना आणि संमती एवढाच विधी असतो, कारण अर्ध्या वऱ्हाडाला परमप्रसाद घेता येत नाही आणि त्या दिवशी दोन घरांत रेघ नको. मिस्सा ठेवलाच, तर लोक रांगेने पुढे जातील तेव्हा तुम्ही बाकावर बसून राहा. सीएनआयचे पाहुणेही सहसा बसूनच असतील. आपल्या देवळातला प्रसाद सगळ्यांना मिळतो, म्हणून इथे नाही म्हटलं की मनाला लागतं, हे मी जाणते. पण परमप्रसाद घेणं म्हणजे या चर्चच्या विश्वासात मी पूर्ण सामील आहे असं सांगणं. बाकी सगळे उठले की उठा, गुडघे टेकतील तेव्हा बसून राहिलात तरी चालतं. आणि आदल्या संध्याकाळी पाचव्या मजल्यावरून वाजतगाजत उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या अंघोळीसाठीचं पाणी, आणायला निघतील, तेव्हा घागर घेऊन त्यांच्याबरोबर जरूर जा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.